धनेशांचा मधुचंद्र आणि मागची टेकडी

एका जंगलात, जिथून समुद्र दिसत नसे पण युरोप मात्र स्पष्ट दिसे, धनेश पक्ष्यांचा एक फार जुना आणि फार प्रतिष्ठित थवा राहत होता.

मुलांनो, धनेश तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. मोठी, वाकडी, पिवळी चोच. चोचीवर शिरस्त्राणासारखा उंचवटा. आणि चेहऱ्यावर असा भाव की हा आत्ताच कुठल्यातरी समारंभाचे अध्यक्षस्थान भूषवून आला असावा.

या पक्ष्यांची एक रीत आहे, आणि ती मी रचलेली नाही. घरटे करण्याची वेळ झाली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते. मग ढोलीचे तोंड आतून चिखलाने लिंपून घेते. केवळ चोच जाईल एवढी फट ठेवते. नर त्या फटीतून तिला फळे भरवतो. आत अंधारात तिची उडण्याची पिसे गळून पडतात. अंडी, पिले, सारे तिथेच. तीन-चार महिन्यांनी भिंत फुटते आणि ती बाहेर येते.

ही रीत तिला आवडते का, असे तुम्ही विचाराल. थव्यात हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. तुम्हीच पहिले.

या थव्यात केतकी नावाची तरुण धनेश मादी लग्न होऊन आली. नवऱ्याचे नाव शार्दूल. पक्ष्याचे नाव शार्दूल कसे, हे विचारू नका. शार्दूल म्हणजे वाघ, हे त्याच्या वडिलांना ठाऊक होते. मुलगा धनेश आहे हेही ठाऊक होते. पण नावे मुलाकडे पाहून ठेवत नाहीत, शेजाऱ्यांकडे पाहून ठेवतात.

लग्न माघ पौर्णिमेला लागले. फाल्गुन पौर्णिमेला केतकीने ढोलीत शिरायचे होते. मध्ये तीस दिवस. त्या तीस दिवसांत मधुचंद्र उरकायचा, आणि तो युरोपातच, असा थव्याचा दंडक होता. आपल्याच जंगलात नवराबायकोने हिंडण्याला थव्यात मधुचंद्र म्हणत नसत. त्याला चरणे म्हणत.

दंडक एवढ्यावर संपत नव्हता. मधुचंद्राहून परतल्यावर जोडप्याने जुन्या उंबरावर बसून सगळ्या थव्यासमोर प्रवासाचे वर्णन करायचे. सर्वांत सरस वर्णन करणाऱ्या घराला उंबराची वरची फांदी मिळे. तिच्यावर ऊन आधी येई आणि फळे गोड लागत. गेली कित्येक वर्षे त्या फांदीवर शार्दूलची आई तुंगाबाई बसत होती. तिने पॅरिसचे जे वर्णन केले होते त्याला तोड निघालेली नव्हती. थव्याची एक पिढी त्या पॅरिसवर वाढली होती.

केतकीला वरची फांदी नको होती. तिला एकच गोष्ट हवी होती. पिसे गळण्यापूर्वी तिला एकदा दूर जायचे होते. इतके दूर, की मागे वळून पाहिले तर आपले झाड दिसू नये. तिच्या आईने तिला सांगून ठेवले होते, “नवी पिसं येतात गं. पण ती घरट्याभोवती उडायची असतात.”

म्हणून लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिने शार्दूलला विचारले, “मग कुठं जायचं?”

“घाई करू नकोस,” शार्दूल म्हणाला. “घाईनं निवडलेलं ठिकाण जन्मभर सांगत बसावं लागतं.”

हे वाक्य तिला जरा चमत्कारिक वाटले. पण नवरा नवा होता. नव्या नवऱ्याची वाक्ये बायका पहिले काही दिवस खोल समजतात.

जंगलाच्या कडेला एका वारुळाशेजारी घोरपडीची प्रवाससंस्था होती. घोरपड अंगाने जड आणि जिभेने चपळ होती. तिने ग्राहक एकदा धरला की सुटत नसे. दोघे तिच्याकडे गेले.

“या, या! नवं जोडपं ना?” घोरपड म्हणाली. “लगेच ओळखलं. अजून एकमेकांचं बोलणं संपेपर्यंत थांबताय.”

तिने पळसाची पाने पसरली. प्रत्येक पानावर एकेका देशाचे चित्र रंगवलेले होते आणि चित्राखाली तारे आणि पाठीमागे त्या देशाचे वर्णन होते. ज्या देशाला तारे अधिक तो अधिक सुंदर, असे तिने समजावले. तारे कोणी दिले, असे केतकीने विचारले. “लोकांनी,” घोरपड म्हणाली. कोणत्या लोकांनी, हे विचारण्याआधी तिने पुढचे पान उलटले होते.

“हे स्वित्झर्लंड. हे पॅरिस. हे ग्रीस. हे व्हेनिस, इथं रस्त्यांच्या जागी पाणी असतं. आणि हे प्राग, हे सध्या चाललंय. आणि जेवणाची काळजी नको. तिन्ही त्रिकाळ उंबरच मिळतील. आमच्याबरोबर आलात तर युरोपात आल्यासारखं अजिबात वाटणार नाही!”

“तुम्ही स्वतः गेलात कधी, मावशी?” केतकीने विचारले.

“मी? छे गं बाई! मी गेले तर तुम्हांला पाठवणार कोण?” मग तिने दोघांना एका दगडासमोर उभे केले. “जरा माना तिरप्या करा. हं, असं. चित्र आत्ताच काढून ठेवते. मागचा देखावा तुमचं ठरलं की चिकटवू.”

चित्रात दोघे फार सुखी दिसत होते. समोर वारूळ होते, पण ते चित्रात येणार नव्हते.

मग घरी विचार सुरू झाला. मुलांनो, ‘विचार चालू आहे’ हे वाक्य नीट ऐकत जा. त्यात विचार तेवढा चालू असतो. विचार करणारा त्यात कुठेच नसतो.

स्वित्झर्लंडचे पान पाहून तुंगाबाई म्हणाली, “बर्फ पांढरा असतो. पांढऱ्याचं किती वेळ सांगणार? दोन वाक्यांत संपलं.”

“मग पॅरिस?” शार्दूल म्हणाला.

“पॅरिस माझं आहे,” तुंगाबाई म्हणाली. विषय मिटला.

ग्रीसचे पान शार्दूलच्या वडिलांनी उलटेसुलटे करून पाहिले. त्यांना सगळे अप्पा म्हणत. “हे खांब अर्धेच का आहेत?”

“पडलेत, अप्पा. फार जुने आहेत.”

“नव्या संसाराची सुरुवात पडझड बघून करायची? त्यापेक्षा आपल्या मामांचं घर दाखव तिला.”

व्हेनिसचे पान पाहूनही अप्पा चकित झाले. “दारात पाणी? आपल्याकडे याला पूर म्हणतात. आणि तो बघायला कोणी जात नाही, त्यातून काढायला जातात.”

प्रागचे नाव निघाले तेव्हा तुंगाबाईने विचारले, “कुठं आहे ते?”

“नक्की माहीत नाही, आई.”

“मग लोकांनाही माहीत नसणार. ज्या ठिकाणाचा कोणाला हेवा वाटणार नाही तिथं कडमडायचं कशाला?”

शार्दूल स्वभावाने वाईट नव्हता. उलट फार समंजस होता. त्याला सगळ्यांचे पटत असे, आणि ते एकाच वेळी पटत असे. त्याने सागाचे एक मोठे पान आणले. त्यावर चोचीने रेघा मारून पाच देशांची तुलना मांडली. हवा, देखावा, नाव, नातेवाइकांचे मत. रोज संध्याकाळी तो रेघा मोजी, कोणाला पहिला क्रमांक देई आणि सकाळी तो काढून घेई. पंधराव्या दिवशी व्हेनिस पहिले आले, आणि त्याने घोरपडीकडून चित्रामागे व्हेनिसचा देखावा चिकटवूनही घेतला. सोळाव्या दिवशी बातमी आली की त्याचा चुलतभाऊ हेरंब आणि त्याची नवी बायको मंजिरी स्वित्झर्लंडला निघाली. झाले! पुन्हा पान धुऊन रेघा पहिल्यापासून.

“पंधरा दिवस गेले, शार्दूल,” केतकी म्हणाली.

“वाया नाही गेले. पर्याय कमी झाले.”

“दिवस कमी झालेत.”

शार्दूलने हेही पटल्यासारखी मान हलवली आणि पानावर ‘उरलेले दिवस’ असा एक नवा रकाना आखला.

त्या दुपारी केतकी ओढ्यावर गेली. तिथे एक तुतवार फिरत होता. तुतवार म्हणजे पाण्याकाठी शेपटी हलवत किडे टिपणारा एक लहानसा, मळकट रंगाचा पक्षी. तो दर थंडीला बाहेरून येतो हे केतकीला माहेरी ठाऊक झाले होते.

“तुम्ही युरोपातून येता ना?” तिने विचारले.

“येतो काय? राहतो तिथं. इथं थंडीपुरता येतो.”

“कसं आहे?”

तुतवारने थोडा विचार केला. त्याच्या बाबतीत विचार करणारा जागेवर होता. “ओलं आहे,” तो म्हणाला.

“आणखी?”

“माझ्या जागी एक नदी आहे. तिच्यावर दगडी पूल आहे. पुलाखाली किडे बरे मिळतात. काठावर एक झुडूप आहे, त्याला लाल फळं येतात. आंबट असतात. पण तुम्हांला चालतील.”

“गावाचं नाव काय?”

“ते गावातल्यांना ठाऊक. आम्ही पूल म्हणतो.”

केतकीने आजूबाजूला पाहिले. “आमच्या थव्यातलं कोणी तुम्हांला विचारायला आलं नाही कधी?”

“तुमच्या सासूबाई आल्या होत्या एकदा. फार वर्षं झाली. मी त्यांनाही सांगितलं, ओलं आहे. त्या म्हणाल्या, तुला युरोप कळलेला नाही.” तुतवारने एक किडा टिपला. “असेल. मी फक्त तिथं जन्मलो.”

तिने अंतर विचारले. तुमच्या पंखांना चार दिवस, तो म्हणाला. वायव्य दिशा धरायची. वाटेत समुद्र लागेल. तो मोठा असतो, पण संपतो. (भूगोलाची पुस्तके काढू नका, मुलांनो. गोष्टीतले पक्षी भूगोलाहून वेगाने उडतात.)

केतकी घरी धावत, म्हणजे उडत, आली. “ठरलं! आपण पुलावर जाऊ.”

“कोणत्या पुलावर?” शार्दूलने पान पुढे ओढले.

तिने सांगितले. मग तुंगाबाई हसली. “पूल! अगं, पुलाचं वर्णन ऐकायला कोण थांबेल? आणि शेपटी हलवत चिखलात फिरणाऱ्याला विचारून मधुचंद्र ठरवतात का कुठं? तो तिथं पोट भरायला राहतो. त्याला युरोपातलं काय कळतंय?”

“त्याला तारे किती आहेत?” शार्दूलने विचारले.

“कोणाला?”

“पुलाला.”

अठरावा दिवस उजाडला. बारा दिवस उरले. केतकी सकाळपासून ढोलीकडे पाठ करून बसली होती. ढोली आधीच निवडून झाली होती, आणि आश्चर्य असे की ती निवडायला अर्धा दिवसही लागला नव्हता. तुंगाबाई तिच्याजवळ येऊन बसली. सासू एकटीच शेजारी येऊन बसली की काहीतरी सांगायचे असते, हे केतकीला आता कळू लागले होते.

“सूनबाई, रडू नकोस. आता तुला सांगायला हरकत नाही. आज ना उद्या निघायचंच आहे तुम्हांला. सगळा थवा निरोप द्यायला येईल. पश्चिमेकडे उडायचं. ती मागची टेकडी ओलांडली की डावीकडे वळायचं. तिथं आपल्या घराची जागा ठरलेली आहे. वडाखाली. सावली चांगली आहे.”

“आणि मग?”

“मग काय? तिथं बसायचं. पान सोबत न्यायचं. नीट पाठ करायचं. आठ-दहा दिवसांनी परत यायचं.”

केतकीला क्षणभर काही कळले नाही. मग सगळे एकदम कळले. “म्हणजे तुम्ही पॅरिसला...”

“वडाखाली होते. यांच्याबरोबर. डासांनी जीव खाल्ला.”

“आणि बाकीचे?”

“टेकडी मोठी आहे. ज्याची त्याची बाजू ठरलेली आहे. कोणी कोणाला दिसलं तरी बघायचं नाही, एवढं पाळलं की झालं.” तुंगाबाईने तिच्या पाठीवरून चोच फिरवली. “इतकं तोंड पाडू नकोस. युरोप खोटा असला तरी निवड मात्र खरी करावी लागते. वर्णन त्याच्यावरच उभं राहतं ना.”

केतकी उठली आणि थेट शार्दूलसमोर जाऊन उभी राहिली. “तुला माहीत होतं?”

शार्दूलने सागाच्या पानाकडे पाहिले. पानाने काही मदत केली नाही. “लग्नाआधी आईनं सांगितलं होतं,” तो म्हणाला.

“मग अठरा दिवस तू कशाची तुलना करत होतास?”

“सांगायला कोणतं बरं पडेल, त्याची.”

“मला सांगायचं नव्हतं, शार्दूल. मला जायचं होतं.”

त्याला तिचेही पटले होते. आईचेही पटले होते.

“मी उद्या पहाटे निघते,” केतकी म्हणाली. “तू ये, नाहीतर वडाखाली बस.”

शार्दूल तिच्यासोबत निघाला. प्रेमाने निघाला, असे मला सांगायला आवडले असते. पण वडाखाली एकट्याने मधुचंद्र करणे त्याला जरा विचित्र वाटले, हेही कारण होते. दोन्ही कारणे मिळून एक नवरा उडाला, एवढे म्हणू.

निरोप थाटात झाला. थव्याने पंख फडफडवले. अप्पांनी पुरापासून सावध राहायला सांगितले. दोघांनी टेकडी ओलांडली. डावीकडे वड दिसला. उजवीकडे एका कातळाच्या आडोशाला हेरंब आणि मंजिरी बसली होती. हेरंबने पान धरले होते आणि मंजिरी डोळे मिटून घोकत होती, “स्वित्झर्लंडची हवा अत्यंत आल्हाददायक... आल्हाददायक असून...”

तिने डोळे उघडले. वरून जाणारी केतकी तिला दिसली. मंजिरी चांगल्या वळणाची होती. तिने मान दुसरीकडे फिरवली.

केतकी डावीकडे वळली नाही.

चार दिवस ते उडाले. समुद्र लागला. तो मोठा होता, आणि संपला. मग गारठा सुरू झाला, मग धुके, आणि एका सकाळी धुक्यातून दगडी पूल दिसला. तुतवारने सांगितले होते तसाच तो होता. म्हणजे विशेष काही नव्हता.

ते पुलाच्या कठड्यावर बसले. खाली तपकिरी पाणी वाहत होते. पलीकडे ओले शेत होते. काठाला थोडा मळका बर्फ साचला होता. शार्दूलला शिंका येऊ लागल्या.

“आता काय बघायचं?” त्याने विचारले.

“बघतोय की आपण.”

“हं.” थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारले, “आणि यानंतर?”

केतकीने मागे वळून पाहिले. त्यांचे झाड कुठेच नव्हते. उंबर नव्हता, फांदी नव्हती, ढोली नव्हती. नुसते धुके. ती इतका वेळ पाहत राहिली की शार्दूलही मागे वळून पाहू लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारणे सोडले. थंडी फार होती, म्हणून तो तिला चिकटून बसला. ती आंबट लाल फळे त्याने तोंड वाकडे करत खाल्ली आणि मग तिच्यासाठी आणखी आणली. दुपारी एक लठ्ठ बदक मोठ्या ऐटीत काठावर उतरले. बर्फावर त्याचा पाय सरकला. ते तसेच बसल्या बसल्या घसरत पाण्यापर्यंत गेले, आणि पाण्यात पडल्यावर मान ताठ करून असे पोहू लागले जणू हेच ठरले होते.

शार्दूल हसला. आधी हळू, मग मोठ्याने, मग थांबता येईना म्हणून कठड्यावर चोच टेकून हसला. केतकीने त्याचे ते हसणे लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकले. त्यात आई नव्हती, अप्पा नव्हते, रकाने नव्हते. हा कोण आहे, असे तिला वाटले. आणि हा बरा आहे, असेही वाटले.

मग चार दिवसांत ते परत आले.

फाल्गुन चतुर्दशीला उंबरावर सगळा थवा जमला. आधी हेरंब आणि मंजिरी यांचा क्रम होता. मंजिरीने स्वित्झर्लंडची शिखरे उभी केली. हवा आल्हाददायक असून नुसती आल्हाददायक राहिली नाही, ती ‘अंतःकरणाला स्पर्शून जाणारी’ झाली. म्हातारे धनेश माना डोलावू लागले. हेरंबने एका दरीत सूर्यास्त करवला. टाळ्या, म्हणजे पंख, वाजले. तुंगाबाईने वरच्या फांदीवर नखे घट्ट रोवली.

मग केतकी पुढे झाली. तिने काहीच पाठ केलेले नव्हते.

“आम्ही एका नदीवर गेलो,” ती म्हणाली. “तिच्यावर पूल होता. धुकं होतं. थंडी वाजली. आम्ही शेजारी शेजारी बसलो.”

थवा पुढच्या वाक्याची वाट पाहू लागला. ते आले नाही.

“मनोरा वगैरे?” कोणीतरी विचारले.

“नव्हता.”

“बर्फ तरी?”

“थोडा होता. मळका होता.”

“मग पाहिलंत काय?”

“पाणी,” केतकी म्हणाली. बदकाचे सांगावे असे तिच्या चोचीपर्यंत आले होते. पण समोरच्या चेहऱ्यांकडे पाहून तिने ते परत नेले.

थव्यातले सर्वांत वृद्ध धनेश, थोरले आबा, खाकरले. त्यांचा स्वतःचा मधुचंद्र रोमचा होता आणि त्याला टेकडीवरची सर्वांत मोक्याची जागा मिळाली होती. “पोरी,” ते गंभीरपणे म्हणाले, “भिऊ नकोस. खरं काय ते सांग. गेला होतात, की नुसतेच टेकडीमागे बसला होतात?”

सगळा थवा खदखदून हसला. मंजिरी सर्वांत मोठ्याने हसली. अप्पा हसले. टेकडीमागे बसून आलेला एकही पक्षी हसल्यावाचून राहिला नाही, आणि मुलांनो, त्या झाडावर दुसरे कोणी नव्हतेच.

केतकीने शार्दूलकडे पाहिले. त्याला एवढेच म्हणायचे होते, की ही खरे बोलते आहे. चार शब्द होते. त्याने वर पाहिले. वरच्या फांदीवर त्याची आई डोळे मिटून बसली होती. त्याने खाली पाहिले. खाली हेरंब हसत होता.

शार्दूल खाकरला. अगदी थोरल्या आबांसारखा खाकरला.

“माफ करा, मंडळी. हिला थट्टा करायची सवय आहे,” तो म्हणाला. “आम्ही व्हेनिसला गेलो होतो.”

आणि मग त्याने व्हेनिस सांगितले. पान त्याला तोंडपाठ होते. अठरा दिवस रोज रेघा मारल्या होत्या, ते काय फुकट जाते? पाण्याचे रस्ते सांगितले. त्यांत डोलणाऱ्या नावा सांगितल्या. चंद्रप्रकाशात न्हालेले महाल सांगितले. एका नावेत बसून केतकीने त्याला काय म्हटले, तेही सांगितले. ते तिने म्हटले नव्हते, पण ऐकायला फार गोड होते. दोन म्हाताऱ्या डोळे पुसू लागल्या. घोरपडीने चिकटवून दिलेले चित्र या चोचीतून त्या चोचीत फिरले. चित्रातले दोघे खरोखर सुखी होते.

वरची फांदी शार्दूलच्या घरात राहिली. थोरल्या आबांनी तसे जाहीर केले.

“रागावलीस?” त्याने घरी जाताना विचारले. “आईची फांदी गेली असती गं. आणि आपण जाऊन आलो, हे आपल्याला ठाऊक आहे ना? मग झालं तर.”

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. केतकी ढोलीत शिरली आणि चिखल घेऊन भिंत लिंपू लागली.

“थोडी मोठी ठेव ना फट,” शार्दूल बाहेरून म्हणाला. “बोलता येईल.”

“उंबर येईल एवढी पुरे.”

शार्दूल कर्तव्याला चुकला नाही. रोज उंबरे आणी आणि रोज फटीतून भरवी. वरच्या फांदीची उंबरे खरोखरच गोड होती. संध्याकाळी थव्यातली नवी मंडळी त्याच्याभोवती जमत. व्हेनिस पुन्हा सांगा, म्हणत. तो सांगे. एका आठवड्यात नावा दुप्पट झाल्या. दुसऱ्या आठवड्यात एका महालाच्या सज्जातून त्यांच्यावर कोणीतरी फुले टाकली. मधुचंद्राला कुठे जावे हे विचारायला जोडपी त्याच्याकडे येऊ लागली. तो त्यांना सागाचे पान दाखवी. घोरपडीने त्याला सन्माननीय सल्लागार नेमले. हे सारे केतकीला भिंतीतून ऐकू येई. आत अंधार होता, आणि तिची पिसे एकेक करून खाली पडत होती.

महिना लोटल्यावर एकदा शार्दूल फटीशी आला. उंबर देऊन तो लगेच गेला नाही. जरा घुटमळला.

“केतकी, एक विचारू? दोन दिवस आठवून बघतोय, आठवतच नाही. सारखे ते महालच समोर येतात.” त्याचा आवाज अगदी हळू झाला होता. “आपण तिथं बसलो होतो ना, तेव्हा मी एकदा खूप हसलो होतो. कशाला हसलो होतो गं?”

“कुठं, व्हेनिसला?” केतकी म्हणाली. “मला तरी नाही बाई आठवत.”

शार्दूल थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मग त्याला कोणीतरी हाक मारली. नवीन जोडपे आले होते, आणि त्यांच्याजवळ दिवस थोडे होते. तो गेला.

केतकीने उंबर खाल्ले. मग अंधारात तिला ते लठ्ठ बदक दिसले, पाण्यात पडल्यावरही मान ताठ ठेवणारे. आणि ती, बाहेर ऐकू जाणार नाही एवढ्याच आवाजात, पुष्कळ वेळ हसली.

तात्पर्य, मुलांनो, पाठ करण्याजोगे: मधुचंद्राला युरोपात कुठे जावे याचा विचार दोन्ही घरांनी मिळून, सावकाश आणि साधकबाधक करावा. मात्र तिथे प्रत्यक्ष जाण्याचा अविचार करू नये. जो खरोखर जाऊन येतो त्याच्याजवळ सांगण्यासारखे फार थोडे असते, आणि जे असते ते सांगवत नाही.